हायस्कूल बेसबॉल: कोच बदलले आणि टीमचा खेळच बदलला

केतकी_पान:
मुलगा इथे अमेरिकेत सोफोमोर (दहावीत) आहे, व्हार्सिटीत, म्हणजे शाळेच्या मुख्य टीममध्ये, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला फील्डर) खेळतो. गेल्या सीझनचे कोच एरर (फील्डिंगमधली चूक) झाली तरी आरडाओरडा करायचे नाहीत. इनिंग संपली की शेजारी बसवून पाय कुठे पडले ते दाखवायचे. यंदाचे नवीन कोच इनिंग चालू असतानाच, सगळ्यांदेखत बाहेर काढतात. सुरुवातीच्या खेळाडूला एकदा परत घेता येतं, पण घेत नाहीत. शिस्त आलीय, हे मान्य. मुलं वेळेवर येतात, पळतात. पण बेस चोरायला (पिच पडत असतानाच पुढच्या बेसकडे पळायला) कोणी धजत नाही, आणि माझा मुलगा ग्राउंडरवर (जमिनीवरून येणाऱ्या बॉलवर) पुढे यायचाच बंद झालाय. बाकीचे पालक म्हणतात, कॉलेजात खेळायचं तर कडक कोचच हवा. खरंच असं असतं का?

डावरा:
ताई, मी इथल्या एका हायस्कूल टीमला असिस्टंट कोच म्हणून मदत करतो. तुम्ही शेवटी जे लिहिलंत ना, ग्राउंडरवर पुढे न येणं, सगळं त्यात आलं.

हळू येणाऱ्या बॉलवर शॉर्टस्टॉपने झेपावून पुढे यायचं असतं. तसं येताना बॉल निसटला तर स्कोअरबुकात त्याच्या नावावर एरर लागते. तो मागेच थांबला, बॉल व्यवस्थित पकडला, पण तोवर ९० फूट पळून रनर पहिल्या बेसवर पोचला, तर ती बहुतेक वेळा हिट, म्हणजे बॅटरचं यश, धरली जाते. म्हणजे भित्रा खेळ कागदावर स्वच्छ दिसतो! कोचना वाटतं एरर कमी झाल्या, माझा धाक कामाला आला. आणि तिकडे पिचर (बॉल टाकणारा) बिचारा एकेक जास्तीचा बॅटर झेलत बसतो.

म्हणून कडक की प्रेमळ हा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. पळायचा कंटाळा केला म्हणून बाहेर काढा, माझा पूर्ण पाठिंबा. पण योग्य तेच करताना चुकलेल्या मुलाला काढलंत, तर डगआउटमधली (मैदानाकडेच्या बाकावरची) बाकीची मुलंही तेच शिकतात: हात राखून खेळा. पोराने एरर झाल्यावर पुढच्या बॅटरकडे बघायला हवं. तो डगआउटकडे बघत असेल, तर पुढचा बॉल त्याच्याकडे येण्याआधीच अर्धा हुकलाय.

वॉशिंग्टन विद्यापीठाच्या स्मिथ आणि स्मोल यांनी लिटल लीगच्या (लहान मुलांच्या बेसबॉलच्या) कोचना चुकीनंतर आधी धीर द्यायचा, मग तंत्र सांगायचं, असं शिकवलं होतं. त्यांच्या एका अभ्यासात अशा कोचकडची ५ टक्के मुलं पुढच्या वर्षी परतली नाहीत, इतरांकडची २६ टक्के. जिंकण्या-हरण्यात मात्र फरक नव्हता. ती मुलं हायस्कूलपेक्षा लहान होती, पण मला आमच्या मुलांतही हेच दिसतं.

उंचवटा:
पिचरची आई म्हणून एक जोडते. २०१७ पासून हायस्कूलमध्ये प्रत्येक राज्याला पिच काउंटची (पिचरने टाकलेल्या बॉलच्या संख्येची) मर्यादा ठेवावी लागते. पण मोजले जातात मॅचमधले पिच. बुलपेनमधले (वॉर्म-अपचे), क्लब टीमकडचे कोण मोजतं? कोपर दुखतंय हे पोरालाच सांगावं लागतं, आणि सांगितलं की जागा जाते अशी भीती असेल तर ते गप्प राहतं. धाकाचं मला खरं भय वाटतं ते इथे.

केतकी_पान:
हिटचं स्कोअरबुक काढून बघितलं. इनफिल्ड सिंगल (बॉल आतल्या फील्डरकडेच असूनही बॅटर पहिल्या बेसवर पोचतो त्या हिट) खरंच वाढलेत. मी कोचशी बोलू का?

डावरा:
आधी मुलालाच जाऊ द्या, आणि मॅचनंतर लगेच नको. प्रॅक्टिसच्या आधी त्याने एवढंच विचारावं: "स्लो रोलरवर मी पुढे येऊ ना? निसटला तरी चालेल?" खेळायला किती मिळतं हा विषयच काढू नये. बहुतेक कोच या प्रश्नाला 'हो' म्हणतात, आणि एकदा तोंडाने म्हटलं की पुढच्या एररला लगेच बाहेर काढणं त्यांनाही जड जातं. 'नाही' म्हणाले तर मग तुम्ही भेटा, आणि ते सिंगल सोबत घेऊन जा.