आयसीसी गेला, कोणाला फरक पडला का?

जुनं_खोड: २०२३ मध्ये लिनक्स कर्नल (लिनक्सचा गाभा) ६.३ मधून इंटेलच्या आयसीसी कंपायलरचा, म्हणजे सोर्स कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामचा, आधार काढून टाकला. कोणी हूं की चूं केलं नाही. २००९ मध्ये लिनक्सडीएनए प्रकल्पवाल्यांनी आयसीसीने कर्नल २.६.२२ कंपाइल करून दाखवला होता, तेव्हा वाटलं होतं, कर्नलचा नेहमीचा मुक्त कंपायलर जीसीसी, त्याची मक्तेदारी मोडणार. ज्याचा प्रोसेसर, त्यालाच त्याची नस ठाऊक! ही वाट बुजवायला नको होती.

रातपाळी: नस ठाऊक असून उपयोग काय? आयसीसीची खरी ताकद आपोआप व्हेक्टरायझेशनमध्ये, म्हणजे एकाच सूचनेत अनेक आकड्यांवर काम उरकण्यात. एक्स८६ (इंटेल-एएमडीच्या) प्रोसेसरवर कर्नल मुळात एसएसई, म्हणजे त्यासाठीच्याच सूचना, बंद करूनच कंपाइल करतात, नाहीतर प्रत्येक सिस्टम कॉलला (प्रोग्राम कर्नलला काम सांगतो तेव्हा) युजर प्रोग्रामची ती सगळी रजिस्टरं (प्रोसेसरमधले आकडे ठेवायचे कप्पे) जपून ठेवत बसावं लागेल. हुकमाचं पान हातात, पण ते टाकायलाच बंदी.

जुनं_खोड: वेग सोडा हो. दुसरा कंपायलर म्हणजे दुसरी नजर. २००९ चाच कर्नलमधल्या टन (आभासी नेटवर्क) ड्रायव्हरचा बग आठवा. कोडमध्ये आधी पॉइंटर (मेमरीतला पत्ता) वापरला, मग तो नल, म्हणजे रिकामा, आहे का ते तपासलं. जीसीसी म्हणाला, वापरलाय म्हणजे नल नसणारच, आणि तपासणीच गाळून टाकली. रूट, म्हणजे मशीनचा पूर्ण ताबा, मिळवायची आयती सोय!

रातपाळी: चूक कोडची होती, आणि आयसीसीनेही तेच केलं नसतं कशावरून? नजर हवीच, पण सोर्स उघडा असलेली. एलएलव्हीएम या मुक्त कंपायलर-संचातल्या क्लँगकडे ‘एएसएम गोटो’ (एक्स८६ च्या कर्नलला लागणारी एक सोय) नव्हतं, ते लोकांनी खपून २०१९ च्या ९ व्या आवृत्तीत आणलं. बंद कंपायलरमध्ये हे कोण करणार? गूगलचा पिक्सेल २ फोन तर २०१७ मध्येच क्लँगने बांधलेला कर्नल घेऊन बाजारात आला. इंटेलनेही आता आयसीसी सोडून एलएलव्हीएमवर आधारलेला नवा कंपायलर आयसीएक्स धरलाय.

जुनं_खोड: म्हणजे सासू बदलली, जाच तोच.

मसाला_ताक: भांडा निवांत, पण माझं कोणी ऐका. कर्नल क्लँगने झकास झाला. मग डीकेएमएसने (कर्नलबाहेरची मॉड्यूलं आपोआप बांधणाऱ्या साधनाने) वायफायचं बाहेरचं मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हर, जीसीसीने बांधायला घेतलं, आणि क्लँगचे फ्लॅग (कंपायलरला दिलेले पर्याय) बघून जीसीसी ‘हा पर्याय ओळखत नाही’ म्हणत अडून बसला. दोन दिवस केबल लावून बसलेय.

रातपाळी: मॉड्यूल बांधणाऱ्या ‘मेक’ कमांडला ‘एलएलव्हीएम=१’ (क्लँगनेच बांध, ही सूचना) पोचतंय का बघा. बहुतेक तेच असणार.

जुनं_खोड: नाहीतर जीसीसीने बांधा. मी आजही तेच करतो 😄