मदत हवी आहे: काळ्या जमिनीतील संत्रा बागेसाठी २४ एचपीचा ट्रॅक्टर पुरेल का?

काटोल तालुक्यात आमची ४ एकर भारी काळी जमीन असून त्यातील ३ एकरांत २० बाय २० फुटांवर संत्रा आहे आणि उरलेल्या एकरात कापूस व तूर घेतो. फांद्या खाली झुकल्यामुळे भाड्याचा मोठा ट्रॅक्टर ओळीत शिरताना फळे झडतात, शिवाय त्याच्या वजनाने माती दबते. संत्र्याची अन्नमुळे वरच्या थरातच असल्याने ही गोष्ट मला सर्वांत जास्त खटकते. बैलजोडीने वखरणी करून पाहिली, पण वाफसा (मशागतीला योग्य अशी मातीतील ओल) थोडेच दिवस टिकतो आणि तेवढ्यात काम आटोपत नाही.

महिंद्रा जीवो २४५ आणि कुबोटा बी२४४१ हे दोन्ही २४ एचपीचे फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर मी पाहिले आहेत. नांगरटी भाड्यानेच करून घेणार असल्यामुळे माझे काम उथळ रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारे अवजार), ब्लोअरने (पंख्याच्या हवेने फवारा फेकणाऱ्या यंत्राने) फवारणी आणि बागेतून माल बाहेर काढणे एवढेच आहे. महाडीबीटी या सरकारी अनुदानाच्या पोर्टलवर अर्ज केलेला आहे, त्यामुळे अनुदानाची माहिती नको.

ज्यांनी यांपैकी एखादा ट्रॅक्टर काळ्या मातीतील बागेत निदान दोन हंगाम चालवला आहे, त्यांनी कृपया सांगावे: वाफशावर ४ फुटी रोटाव्हेटर तो दम न सोडता ओढतो का, आणि ब्लोअरचा फवारा मोठ्या झाडाच्या शेंड्यापर्यंत नीट पोहोचतो का?