मदत हवी आहे: मालदीव स्कूबा, धारावंधू की माफुशी? (आज रात्रीपर्यंत सांगा प्लीज)

ओली_वाळू
आम्ही दोघं मालदीवला चाललोय स्कूबासाठी, तिकिटं झालीत. मला मान्टा रे (पंखांसारखे पसरट, मोठे मासे) बघायचेच आहेत, हनीफारू बे ला (धारावंधूजवळची खाडी) डाइव्ह करायचं पक्कं केलंय. रिसॉर्ट परवडत नाही त्यामुळे लोकल आयलंडवर, म्हणजे तिथल्या लोकांच्या वस्तीच्या बेटावर, राहणार. धारावंधू घेऊ की माफुशी? गेस्टहाउसवाला म्हणतोय हा रेट आज रात्रीपर्यंतच. चार दिवस वाचून वाचून डोकं भणभणलंय, लवकर सांगा.

खारा_वारा
कधी जाताय? किती रात्री? लायसन्स कुठलं, ओपन वॉटर (पहिल्या पायरीचं) की ॲडव्हान्स्ड (त्यापुढचं)? हे कळल्याशिवाय काय सांगणार.

दर्याकाठ
मी सांगतो, आधी अंदमान करा. हॅवलॉकला आम्ही सहा डाइव्ह केल्या, इन्स्ट्रक्टर हिंदी बोलणारा, पाण्याखाली जायच्या आधी प्रत्येक गोष्ट दोनदा समजावून सांगायचा. पहिल्या वेळी भाषा कळणं फार महत्त्वाचं असतं.

ओली_वाळू
तिकिटं झालीत म्हटलं ना वर. डिसेंबरचा शेवटचा आठवडा, पाच रात्री. सर्टिफिकेट दोघांकडे आहे, मालवणला केलं होतं.

खारा_वारा
ताई दोन गोष्टी. हनीफारूत स्कूबाला बंदीच आहे, तिथे फक्त स्नॉर्केलिंग, म्हणजे मास्क-नळी लावून पाण्यावर तरंगत बघणं. आणि तिथल्या मान्टांचा सीझन साधारण जून ते नोव्हेंबर, म्हणजे आपल्याकडे पाऊस असतो तेव्हा प्लँक्टन (पाण्यातले बारीक जीव) त्या खाडीत ढकललं जाऊन साठतं आणि ते खायला मान्टा गोळा होतात. डिसेंबरअखेर वारं उलटं फिरलेलं असतं, त्यामुळे मान्टासाठी धारावंधू घेऊ नका. साउथ अरी अटॉलमधलं (अटॉल म्हणजे कड्यासारखा बेटांचा समूह) धिगुराह बेट बघा. व्हेल शार्क तिथे वर्षभर असतात आणि डिसेंबर ते एप्रिल मान्टा अटॉलच्या पश्चिम अंगाला असतात, बोटीने जावं लागतं, तेवढं डाइव्ह सेंटरला आधी विचारा. मालेहून स्पीडबोटीने दोनेक तास.
आता मालवणचं. तारकर्लीला एमटीडीसीच्या सेंटरमध्ये राहून कोर्स केलात की किल्ल्याजवळ होडीतून नेतात आणि माणूस पाठीमागून टाकी धरून फिरवतो ते?

मसालाडबा
जेवणाचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. लोकल आयलंडवर मासे भरपूर, टूना तर सकाळच्या नाश्त्यालाही, मासहुनी म्हणतात, ओलं खोबरं कांदा लिंबू घालून, अगदी घरचं वाटतं. शाकाहारी असाल तर मेतकूट, भाजणी न्या. दारू मात्र नेऊ नका, एअरपोर्टवर काढून ठेवतात, लोकल आयलंडवर मिळतही नाही.

ओली_वाळू
टाकी धरून फिरवलं तेच. पण कागद आहे ना, लॅमिनेट केलेला, आमची नावं, तारीख, फोटो सगळं आहे.

खारा_वारा
तो आठवण म्हणून दिलेला कागद, त्याच्यावर कुठलंही सेंटर तुम्हाला सर्टिफाइड धरणार नाही. त्यावर फक्त इन्स्ट्रक्टरसोबत १२ मीटरपर्यंतची ट्राय डाइव्ह मिळेल. ओपन वॉटर केलंत तर १८ मीटर. थिअरी ऑनलाइन घरीच संपवा, पूलचा भाग पुण्या-मुंबईत करा, चार डाइव्ह तिकडे.

निळाई
पाच रात्रींत कोर्स नका करू. मी तसाच केला होता, सगळी सुट्टी मास्कमधलं पाणी काढण्यात गेली. आणि कोर्स झाल्या झाल्या एका सेंटरने आम्हाला चॅनेलमध्ये, म्हणजे जोरदार प्रवाहाच्या अरुंद वाटेत, उतरवलं. करंट इतका की माझे बुडबुडे वर न जाता आडवे चालले होते, दोन्ही हातांनी खडक धरून होते, टाकीतली हवा बघितली तर संपत आलेली, ६० बार. मान्टा डोक्यावरून गेला म्हणे, मी बघितलाच नाही. ट्राय डाइव्ह आणि स्नॉर्केलिंग करा, शांतपणे बघाल.

खारा_वारा
ती चूक सेंटरची, कोर्सची नाही. नवख्यांना चॅनेलमध्ये न्यायचंच नसतं.

निळाई
ते त्या वेळी नवख्याला कळतं का?

ओली_वाळू
भांडू नका प्लीज. समजा कोर्स केला, परतीचं विमान सकाळी साडेनऊचं आहे, आदल्या दिवशी दुपारी चारची शेवटची डाइव्ह चालेल?

दर्याकाठ
नाही. दोन-चार दिवस डाइव्हिंग केल्यावर विमानाआधी किमान १८ तास हवेत, तुमचे तेवढे होत नाहीत. अंगात विरघळलेला नायट्रोजन निघायला वेळ लागतो. शेवटचा दिवस मोकळाच ठेवा. मी हॅवलॉकला तेच केलं.

ओली_वाळू
बरं. अजून एक, नवऱ्याला लहानपणी दमा होता, आता पंप वगैरे काही नाही. मेडिकल फॉर्मवर लिहायचं का? तिथे गेल्यावर नाही म्हणाले तर?

निळाई
लिहायचंच. इथे माझं आणि खारा_वारा यांचं एकमत असेल.

खारा_वारा
शंभर टक्के. १० मीटरवर फुप्फुसात घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट होते. दम्याने नळी आकसून ती हवा कुठे अडकली तर फुप्फुस फाटतं. इथूनच छातीच्या डॉक्टरांना दाखवा, फॉर्मवर सही आणा. तिथे 'हो'वर टिक केली आणि सही नसेल तर पाण्यात उतरवत नाहीत, आणि 'नाही'वर टिक करून उतरायचा विचारही करू नका.

ओली_वाळू
रेट गेला तर जाऊ दे, बुकिंग थांबवलंय. शनिवारी डॉक्टरांची वेळ मिळालीय. फॉर्म सेंटरच्या साइटवरचाच न्यायचा ना?

खारा_वारा
हो, तोच. सगळी पानं न्या, डॉक्टरांची सही शेवटच्या पानावर असते.