रोमन किल्ला करतोय (१/७२), पण हा रोमन वाटतच नाहीये, मदत करा

कोथरूडचा_सेंच्युरियन
नमस्कार मंडळी. दर दिवाळीत सोसायटीतल्या पोरांबरोबर किल्ला करतो त्यामुळे आपला हात बसलाय असा समज होता. आता वॉरगेमच्या (छोटे सैनिक मांडून खेळायच्या लढाईच्या) टेबलावर ठेवायला म्हणून रोमन किल्ला करायला घेतलाय, उत्तर इंग्लंडात रोमनांनी बांधलेल्या हेड्रियनच्या भिंतीच्या काळातला, म्हणजे इ.स. १२२ च्या पुढचा. माणसं १/७२ ची, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याची, प्लास्टिकची आहेत, पट्ट्यापट्ट्यांचं चिलखत, मोठ्या चौकोनी बाकदार ढाली. नवीन फ्रिज आला त्याच्या खोक्यातला थर्माकोल वापरून ४ फूट बाय ४ फूट तट केला, चार कोपऱ्यांना चार गोल बुरूज बाहेर काढले, मधे दरवाजा आणि दरवाज्यावर टॉवर, तो १४ इंच झालाय. बायको म्हणते छान आहे पण मला सारखं वाटतंय हा आपलाच कुठलातरी गड आहे आणि वर चुकून रोमन गरुड येऊन बसलाय.

अजून दोन गोच्या. एक म्हणजे खंदक कसा करायचा, टेबल सपाट, त्याला खणणार कसं? दुसरं, काल रात्री बाल्कनीत स्प्रे पेंट मारला आणि सकाळी बघतो तर एक बुरूज अर्धा गायब, उंदराने कुरतडल्यासारखा. आणि हो, माळ्यावर जागा जेमतेम २ फूट आहे, हे आधी लक्षात यायला हवं होतं.

फांजी
आधी टॉवरचा हिशोब करू. १४ इंच म्हणजे साधारण ३५ सेंटिमीटर, गुणिले ७२ म्हणजे २५ मीटर. आठ मजली बिल्डिंग झाली राव, बाणेरला खपेल. रोमन दरवाज्याचा टॉवर ८-९ मीटर धर, म्हणजे तुझ्या मापात १२ सेंटिमीटरच्या आसपास. तट साडेतीन ते साडेचार मीटर, म्हणजे ५-६ सेंटिमीटर.

तुझा हात दिवाळीच्या किल्ल्यावर बसलाय हीच अडचण आहे. आपला गड म्हणजे डोंगर, उंची, कडा, वर बालेकिल्ला. रोमनांचं हे प्रकरण मुळात छावणी आहे. सपाट किंवा थोड्या उताराच्या जागी, वरून बघितलं तर पत्त्यासारखा आयत आणि कोपरे गोलसर वळवलेले. त्या काळात टॉवर तटाच्या आतल्या अंगाला, चौकोनी, बाहेर काढलेले नसायचे. बाहेर काढलेले गोल बुरूज तुला राजगडला दिसतील, रोमनांकडे ते फार पुढे आले, तिसऱ्या-चौथ्या शतकात. म्हणून तुला ते खटकतंय, नजर बरोबर आहे तुझी.

आता साइज. हेड्रियनच्या भिंतीवरचा हाउसस्टेड्सचा किल्ला साधारण ५ एकरांचा. १/७२ ला आणलास तर ४० चौरस फुटांच्या वर जाईल, तुझा झालाय १६. म्हणजे खऱ्यापेक्षा लहान आणि माळ्यापेक्षा मोठा, दोन्हीकडून गेलं. त्यापेक्षा माइलकॅसल कर. भिंतीवर दर रोमन मैलाला एक असायची, दोन माइलकॅसलच्या मधे दोन छोटे टॉवर. छोटीशी चौकीच, आतून १५ ते २० मीटर, पुढे एक दरवाजा मागे एक, आत एखाद-दोन बराकी. तुझ्या मापात फूट-सव्वा फुटाच्या चौकोनात आख्खी बसते! दोन्ही बाजूंना भिंतीचे सुटे तुकडे लावायचे, हवे तेवढे.

बोहरीआळीतला_बोका
स्प्रेमधलं सॉल्व्हंट थर्माकोल खातं, तो बुरूज गेला आता त्याचा विचार सोड. पिवळं चिकट रबरवालं सोल्युशन पण खातं, तेही लावू नको. पांढरा फेव्हिकॉल चालतो. फेव्हिकॉलमधे थोडं पाणी आणि चाळलेली बारीक वाळू कालवून सगळीकडे ब्रशने दोन हात द्यायचे, मधे एक रात्र वाळू द्यायचं, त्यावर पाण्याचे रंग लावायचे. मणी उडणारा पॅकिंगचा थर्माकोल मात्र वापरूच नका, गच्चीच्या इन्सुलेशनला जी घट्ट, बिनमण्यांची एक्सपीएस फोमची शीट घालतात तिचे तुकडे मिळाले तर बघा, कटरने अशी कापली जाते की बासच, आणि जुन्या बॉलपेनने दाबून दगडाच्या रेघा काढता येतात. घरात पोरं असतील तर गरम तारेने कापताना खिडकी उघडी ठेवा, धूर चांगला नसतो तो.

खंदकाचं सोपं आहे. टेबल खणायचं नाही, जमीन वर उचलायची. तटाच्या बाहेर एक इंच जाडीची शीट ठेवायची, तिची तटाकडची कड तिरकी कापायची, तटाचा पायथा पण तिरका कापायचा, दोन्ही समोरासमोर ठेवले की मधे V आकाराचा खंदक आपोआप होतो आणि तळ म्हणजे टेबल. शीटची बाहेरची कड मात्र लांबवर उतरती करायची, नाहीतर शत्रू पायरी चढून आल्यासारखा दिसतो. तळाला काळपट रंग, थोडा ओला दिसायला वार्निश.

चहाचा वाळवलेला चोथा माती म्हणून टाकतात लोक. मी पण टाकला होता. जुलै उजाडला आणि माझ्या सगळ्या गॉल योद्ध्यांच्या मॉडेलवर पांढरी बुरशी चढली, सैन्यासकट. वाळू वापर.

मॉडेलवाली
दादा, मी कॉलेजात आर्किटेक्चरची मॉडेल्स करून करून बोटं कापून घेतलीयेत म्हणून सांगते, बेसला एमडीएफ घेणार असाल तर दोन्ही बाजूंनी रंगवा. एकाच बाजूला फेव्हिकॉल-वाळूचा थर दिला की वाळताना तो ओढतो आणि बेस पापडासारखा वर वळतो, पावसाळ्यात तर विचारूच नका.

दुसरं, खेळायचंय ना त्यावर? मग फांजी, म्हणजे तटावरची चालायची वाट, मापात करू नका. २ मीटरची फांजी १/७२ मधे २८ मिलिमीटर होते, त्यात चर्येची (तटाच्या कडेच्या दातेरी कठड्याची) जाडी गेली की २५ मिलिमीटरच्या बेसवर चिकटवलेला सैनिक उभाच राहत नाही, आत पडतो. ३५ ठेवा, कोणाच्या लक्षात येत नाही. हेड्रियनच्या भिंतीवर मुळात चालायला फांजी होती का यावरच अभ्यासकांत वाद आहे, त्यामुळे दोन-चार मिलिमीटरवरून कोणी भांडायला येणार नाही.

चर्या पण लांब लांब ठेवा. जर्मनीत सालबुर्गचा किल्ला १९०० च्या सुमारास परत बांधून काढला तेव्हा त्या फार जवळजवळ बसवल्या, आणि सगळे मॉडेलवाले त्याचे फोटो बघून तेच करतात. आणि दगडी राखाडी रंग सगळीकडे फासायची गरज नाही. पुष्कळ ठिकाणी तटावर पांढरा गिलावा असायचा आणि त्यावर लाल रेघा ओढून खोटे दगड दाखवायचे. टेबलावर काय उठून दिसतं ते!

फांजी
गिलाव्याचं मस्तच. पण मी रात्री विचार केला आणि मला वाटतं याने दगडाच्या नादालाच लागू नये. भिंतीचा पश्चिमेकडचा भाग, इर्थिंग नदीच्या पलीकडचा, सुरुवातीला दगडाचा नव्हताच. गवतासकट मातीचे चौकोनी ठोकळे कापायचे आणि एकावर एक रचायचे, पायाशी २० रोमन फूट म्हणजे ६ मीटर रुंद, वर निमुळतं. दगडात नंतर बांधून काढला. तिथल्या माइलकॅसलही मातीच्याच, दरवाज्यावरचा टॉवर लाकडी. आता सांग, माती, गवत आणि काड्या यात तुझ्याइतका अनुभव कोणाला आहे? मापात पायथा ८ सेंटिमीटर, उंची ५. फक्त अळीव पेरू नको म्हणजे झालं, पाणी घालत बसशील.

बोहरीआळीतला_बोका
हे भारी! मग कुंपणाला खराट्याच्या काड्या, एका खराट्यात आख्खी भिंत होते. वरचं टोक तिरकं कापायचं. थोडी वाकडी असली तर उत्तमच, सगळ्या सरळ असल्या की टूथपिक वाटतात. गवताला सुताराकडचा बारीक भुसा चाळून पोस्टर कलरमधे भिजवून वाळवायचा, दोन-तीन हिरवे आणि एक पिवळट, मिसळून टाकायचे. एकच हिरवा टाकलास तर कॅरमबोर्डाचं कापड. बराकीच्या छपराला जुन्या टॉवेलचा तुकडा फेव्हिकॉलमधे बुडवून, वाळायच्या आत कंगव्याने विंचरायचा.

सदाशिवपेठी७२
एवढी मेहनत कशाला, टॉवर कापा आणि साल बदला. बुरूज बाहेर काढलेले आहेत ना? तिसऱ्या शतकाच्या शेवटी इंग्लंडच्या किनाऱ्यावर पोर्टचेस्टर बांधला, असेच गोलसर बुरूज बाहेर, तट ६ मीटरच्या आसपास आणि आजही जवळजवळ पूर्ण उंचीचा उभा आहे. तुमचा किल्ला पास.

मॉडेलवाली
पण मग यांचे सैनिक नापास. तोपर्यंत ते पट्ट्यांचं चिलखत आणि चौकोनी ढाली गेल्या होत्या, गोल-अंडाकृती ढाली, लांब बाह्यांचे अंगरखे आणि पँटी आल्या. सैन्य बदलायचं की भिंत, काय स्वस्त पडेल?

सदाशिवपेठी७२
भिंत. मागे घेतो शब्द.

कोथरूडचा_सेंच्युरियन
ठरलं, मातीवाली माइलकॅसल. सगळ्यांचे आभार. दीडेक फुटाची चौकी आणि भिंतीचे फूट-फूटभराचे चार तुकडे, म्हणजे माळ्यावर बसतील. काल ट्रायल म्हणून शीटचा एक तुकडा तिरका कापला आणि बोक्याने सांगितलेला खंदक लावून बघितला, समोरून बघितलं तर खरंच खोल वाटतो. तट ५ सेंटिमीटरचाच आहे पण खंदकाच्या तळाशी सैनिक ठेवला की त्याला वर बघायला मान मोडावी लागेल. उंची दिसायला टॉवरची गरजच नव्हती की.

जुना किल्ला सोसायटीतल्या पोरांनी आत्ताच बुक केलाय. खाल्लेला बुरूज त्यांना फार आवडला, म्हणे तोफेने पाडलाय. १४ इंची टॉवरवर महाराज बसणार.

एक शंका आहे, खराट्याच्या काड्या रंगवायच्या का तशाच ठेवायच्या? तशा जरा पिवळट वाटतात. रविवारी सकाळी रविवार पेठेत जातोय, भुसा आणि वार्निश घ्यायला, कोणाला काही आणायचं असेल तर सांगा.

बोहरीआळीतला_बोका
पातळ तपकिरी पाण्याचा एक हात दे, पुसून घे. आणि वार्निश मॅट घे बाबा, ग्लॉसी घेतलंस तर रोमन लोक घामाघूम दिसतील. खंदकाच्या तळापुरती छोटी बाटली ग्लॉसी.