बुजगावणं असलेला व्हिलन

काही जण म्हणतात की सुपरहिरो पिक्चरमध्ये राजकीय टोमणे शोधणं म्हणजे ओढूनताणून अर्थ काढणं, ते बऱ्याच पिक्चरबाबत खरंय पण आयर्न मॅन ३ (२०१३) परत बघा राव. सगळी अमेरिका ज्याला टरकून असते तो दाढीवाला मँडरिन, टीव्हीवर येऊन धमक्या देणारा, टोनी (म्हणजे आपला आयर्न मॅन) त्याला शोधत मायामीच्या बंगल्यात घुसतो तर साहेब टॉयलेटमधून बाहेर येतात आणि निघतो कोण, तर ट्रेव्हर स्लॅटरी नावाचा दारुडा इंग्लिश नट!! बेन किंग्जलीने काय मजा आणलीय. म्हणजे दहशतवादी हे बुजगावणं, आणि ते उभं करणारा कोट घातलेला शास्त्रज्ञ-कम-धंदेवाला, ज्याला युद्धाच्या दोन्ही बाजू खिशात हव्यात आणि उपराष्ट्राध्यक्षही आधीच सामील. ९/११ नंतरच्या अमेरिकेबद्दल इतकं तिरकस मार्व्हलने क्वचितच केलं असेल. मूळ कॉमिक्सचे चाहते तेव्हा जाम भडकले होते, आमच्या व्हिलनचा पोपट केला म्हणून. अहो पण पोपट करायचा होताच की!

अजून एक, रोडीचा (टोनीचा लष्करातला मित्र) वॉर मशीन सूट लाल-पांढरा-निळा रंगवून त्याला आयर्न पेट्रियट म्हणतात, का तर फोकस ग्रुपला ते नाव आवडलं. सूट तोच, बंदुका त्याच, फक्त रंग नवा. मी तर इथेच फिदा.

पण गंमत अशी की याच पिक्चरची चीनसाठी वेगळी आवृत्ती काढली, चिनी नटी फान बिंगबिंगचे जादा सीन आणि डॉक्टर वू नावाचं पात्र चक्क एका ब्रँडचं दूध पितंय, म्हणजे टोमणे मारता मारता जाहिरातही :)