मदत हवी आहे: अण्णांच्या १९७१च्या आठवणी कशा जपून ठेवाव्यात?

नमस्कार मंडळी. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत शिपाई होते. १९७१च्या युद्धात, डिसेंबरमध्ये ही पलटण ब्रह्मपुत्रा ओलांडून तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या (आताच्या बांगलादेशातल्या) जमालपूरच्या पिछाडीला जाऊन बसली आणि १० तारखेच्या रात्री तिथे घनघोर लढाई झाली, एवढं मी वाचलंय. अण्णांच्या तोंडून मात्र आजवर एक अक्षर ऐकलं नव्हतं. 'पूर्वी स्टार' आणि 'संग्राम मेडल' ही त्या युद्धाची पदकं ट्रंकेत, जुन्या मफलरमध्ये गुंडाळलेली.

गेल्या महिन्यात नातवाने सहज विचारलं आणि ते बोलले. लढाईबद्दल नाही, नंतर सुट्टीवर घरी आले त्या पहाटेबद्दल. आजीने दार उघडलं, ओळखलंच नाही. "कोण पाहिजे?" म्हणाली. हे सांगताना ते चादरीची दशी बोटाला गुंडाळत होते. मग गप्प झाले ते झालेच.

मला हे जपायचंय, पण खपली काढायची नाही. घरातल्या माजी सैनिकांना कुणी असं बोलतं केलं असेल तर सांगा, सुरुवात कुठून करावी? मोबाईल समोर दिसला की ते आवरतं घेतात, आणि लपून रेकॉर्ड करणं मला पटत नाही. त्यांचे जुने सोबती शोधायला बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला लिहावं, की आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावं? त्यांचं डिस्चार्ज बुक (लष्करी सेवेच्या नोंदींचं पुस्तक) हाताशी आहे.

अण्णांना आता ऐकू कमी येतं. लवकर कळवलंत तर फार बरं होईल.