स्टुटगार्टला बारा आठवडे: शेगडी, पास आणि बंद दुकानं

प्रश्न – पर्वतीपायथा

नमस्कार मंडळी. १९ ऑक्टोबर २०२६ ते ८ जानेवारी २०२७ असं ऑफिसच्या कामासाठी जर्मनीत स्टुटगार्टला जाणं ठरलंय. कंपनीने एका खोलीचं सर्व्हिस अपार्टमेंट दिलंय, दोन रिंगांची काचेची शेगडी आहे. मी शाकाहारी. पोळी-भाजी-वरण रोज जमेल का? कुकर, तवा, कढई न्यावी का, की आपलं इंडक्शनच बॅगेत टाकू? दिवाळी तिकडेच आहे, तर फराळ नेता येईल का? ऑफिस एस-बानने (तिथल्या लोकलने) पाच स्टेशनं लांब आहे, त्यासाठी कुठला पास काढू?

उत्तर – फोडणीचंवरण

आधी अपार्टमेंटवाल्यांना मेल टाका: काचेखाली साधी तापणारी कॉइल (तिकडे सेरान म्हणतात) आहे की इंडक्शन? वरून दोन्ही सारख्याच दिसतात. सेरानवर सपाट बुडाचं काहीही चालतं, ॲल्युमिनियमचा कुकरसुद्धा. इंडक्शनवर मात्र बुडाला लोहचुंबक चिकटणारंच भांडं लागतं. गोल बुडाची कढई आणि खोलगट तवा दोन्हीकडे कुचकामी, घरीच ठेवा. दोन-तीन लिटरचा, इंडक्शन बुडाचा स्टीलचा कुकर आणि सपाट तवा नेलात की दोन्ही शक्यता निभावतात.

सेरानची खोड म्हणजे रिंग उशिरा तापते आणि बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते. गॅसच्या सवयीने मोहरी तडतडल्यावर बटण फिरवलं तर हिंग-हळद जळणारच. मोहरी तडतडायला लागली की भांडंच रिंगेवरून उचलायचं. कुकरचंही तेच: पहिली शिट्टी झाली की दुसऱ्या, मंद ठेवलेल्या रिंगेवर सरकवा. 'सरकवा' म्हणजे उचलून ठेवा, घासत नेलात तर काचेवर ओरखडे. साखरेचा किंवा गुळाचा पाक सांडला तर गरम असतानाच पात्याच्या खरवडणीने काढा, गार झाल्यावर तो काचेचे टवके घेऊन निघतो.

फुलका सेरानवर रिंगेवर जाळी ठेवून फुगतो. इंडक्शनवर नाही, तिथे तव्यावरच फडक्याने दाबायचा.

भारतातलं इंडक्शन नेऊ नका. वीज तिकडेही २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच आहे, पण आपली तीन पिनी तिथल्या सॉकेटात जात नाही आणि प्रवासातला अडॅप्टर २००० वॅटचा भार रोज सोसायला बनवलेलाच नसतो, तापून वितळतो.

धुराचा अलार्म हा खरा शत्रू. एका खोलीच्या घरात तो पलंगाच्या वर, छताला असतो, म्हणजे शेगडीपासून चार पावलांवर. शेगडीवरची चिमणी बऱ्याचदा हवा बाहेर टाकतच नाही, गाळून पुन्हा खोलीतच सोडते. म्हणून खिडकी नुसती तिरकी नको, सताड उघडा, फोडणीवर झाकण ठेवा आणि सुकी मिरची तेल कडकडीत व्हायच्या आत घाला. अलार्मवर पिशवी बांधणं हा उद्योग करू नका. काही इमारतींत तो थेट अग्निशमन दलाला जोडलेला असतो, आणि नाहक आलेल्या बंबाचं बिल राहणाऱ्याच्या नावावर येऊ शकतं.

उत्तर – गव्हाळ

पिठाचं कोणी सांगितलं नाही. तिकडे पाकिटावर ४०५, ५५०, १०५० असे आकडे असतात. आकडा जितका मोठा तितका कोंडा जास्त. ४०५ म्हणजे जवळजवळ मैदा, पोळी गार झाली की चामट. १०५० ची पोळी बरी होते, पाणी थोडं जास्त आणि कणीक अर्धा तास झाकून. नुसतं 'फोलकॉर्न' (अख्ख्या गव्हाचं पीठ) लाटताना कडेने फाटतं, त्यात निम्मं ५५० मिसळा. भारतीय दुकानातून आट्याची ५ किलोची पिशवी घेतली तर ही कटकटच नाही.

मसुराची डाळ साध्या सुपरमार्केटात 'रोटे लिन्सेन' नावाने मिळते. तूर, पोहे भारतीय दुकानात. कोथिंबीर, मिरच्या, भेंडी तुर्की दुकानात स्वस्त. तुपाला 'बुटरश्माल्त्स'.

तेच तूप इथून मात्र नेऊ नका. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत: तूप, पेढे, खव्याची बर्फी सगळं त्यात आलं. ताजा कढीपत्ता, मिरच्या, आंबे यांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. कढीपत्ता सावलीत वाळवून, चुरून घ्या; वास थोडा कमी, पण चालतो. फराळाचं म्हणाल तर तेलातल्या चकल्या, चिवडा, शेव न्या. तुपातल्या लाडवांवरून कस्टमवाल्याशी वाद घालण्यापेक्षा बेसन नेऊन तिथल्या लोण्याचं तूप कढवा.

पर्वतीपायथा

मोठंच काम झालं. आता पास?

उत्तर – एसदोन

डॉइचलांड-टिकेट, २०२६ मध्ये महिन्याला ६३ युरो. बस, ट्राम, एस-बान आणि देशभरच्या प्रादेशिक गाड्या यावर चालतात. आयसीई, आयसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्या नाहीत. हा पास कॅलेंडर महिन्याचा असतो आणि आपोआप पुढे चालू राहतो. बंद करायचा तर त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत कळवावं लागतं, नाहीतर पुढच्या महिन्याचे ६३ गेले. तुमच्या हिशोबाने नोव्हेंबर आणि डिसेंबर घ्या, १० डिसेंबरच्या आत रद्द करा. ऑक्टोबरातले आणि जानेवारीतले दिवस सुट्या तिकिटांवर काढा. काही विक्रेते फक्त युरोपीय बँक खातं मागतात, म्हणून क्रेडिट कार्ड घेणारा शोधा. विनातिकीट दंड ६० युरो.

दुकानं रविवारी बंद. मुख्य स्टेशनातली आणि पेट्रोलपंपावरची तेवढी उघडी, महाग. यंदा २५ डिसेंबर शुक्रवार, २६ शनिवार, दोन्ही सुट्ट्या, २७ रविवार. म्हणजे सलग तीन दिवस टाळं, आणि २४ ला दुपारी दोनपर्यंतच. दूध-भाजी २३ ला भरा. ६ जानेवारीलाही स्टुटगार्टच्या राज्यात सुट्टी असते.

२५ ऑक्टोबरला घड्याळं तासभर मागे जातात. भारताशी फरक साडेतीनचा साडेचार तास होतो, म्हणजे पुण्याची दहाची मीटिंग तिकडे पहाटे साडेपाचला. ऑफिसात आत्ताच सांगून ठेवा.

बाटल्या चेपू नका. प्लास्टिकच्या एकदा वापरायच्या बाटलीवर आणि कॅनवर २५ सेंट ठेव असते, ती दुकानातल्या मशीनमध्ये रिकामी बाटली टाकली की परत मिळते. मशीनला बारकोड वाचता आला नाही तर ते बाटली घेत नाही. काचेच्या बरण्या टाकायच्या पेट्या रविवारी वापरायच्या नाहीत, आवाजामुळे. आणि दाराला 'केअरवोखे' अशी पाटी लटकलेली दिसली तर त्या आठवड्यात जिना झाडायची पाळी तुमची. सर्व्हिस अपार्टमेंटमध्ये सहसा नसते, तरी विचारून घ्या.